आठजणींचा अल्बम

१२ जानेवारी

दादा,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी राग ऐकून घे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, ते मला इथे दिसतं, पण उत्तर देत नाहीस. म्हणून कागद घेतला. कागद नकोसा झाला तर निदान फाडण्याचे तरी कष्ट घ्यावे लागतात.

तू गेल्यापासून इथे काय चाललंय ते तुला कळायला हवं, कारण निस्तरायला शेवटी तूच येणार आहेस. तुझ्या बहिणीचं डोकं फिरलंय. हे मी रागाने म्हणत नाही, रोज बघून म्हणतेय. 'झगमग' या तिच्या अल्बमची सगळी गाणी तयार, कंपनी खूश, तिचे कपडे मी शिवून तयार ठेवलेले. त्या झग्यावरच्या चंदेरी टिकल्या मी एकेक करून हाताने लावल्यात, मशीनखाली तडकतात म्हणून. अंगठा अजून ठणकतो. आणि आपली चिमणी म्हणते, हा अल्बम काढायचाच नाही. सगळी गाणी एकसारखी आहेत म्हणे, आणि त्यात ती स्वतःच कुठे सापडत नाही म्हणे.

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. कंपनीच्या त्या काचेच्या खोलीत तू होतासच. तू तिला सगळ्यांसमोर म्हणालास की लोक तुझा आवाज ऐकायला येत नाहीत, नाचायला येतात. ती म्हणाली, मग यापुढे एखादी नाचणारीच सांभाळ. उचलली जीभ लावली टाळ्याला, दोघांनीही. पंधरा वर्षं तू तिचे कार्यक्रम पाहिलेस, गाड्या पाहिल्यास, करार पाहिलेस, तिचा खोकलासुद्धा पाहिलास, आणि एका वाक्यावर बॅग भरून परगावी निघून गेलास. मी इथेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तर सांगायचं कोणाला?

आता पुढचं ऐक. तिने ड्रमवाल्याला निरोप दिला. मग की-बोर्डवाल्याला, मग गिटारवाल्याला. मला वाटलं, नवे आणणार असेल. छे! नव्या अल्बममध्ये वाद्यच नाही. एकसुद्धा नाही. फक्त गळे. आणि गळे कोणाचे, तर तिच्या कोरसमधल्या त्या सातजणींचे, ज्या मागे अंधारात उभ्या राहून 'आ' आणि 'ऊ' करतात. मी विचारलं, अगं, लोक नाचणार कशावर? तर म्हणते, बसतील थोडा वेळ.

कंपनीचे साहेब मला म्हणाले की 'झगमग' तुम्हा दोघांच्या नावावर आहे आणि दोघांपैकी एकाने सही केली तरी त्यांना तो काढता येतो. ती करणार नाही. तू कर. ती चार दिवस रडेल, मग गाणी गाजली की विसरेल. एवढी मेहनत पाण्यात घालण्यापेक्षा चार दिवसांचं रडणं परवडलं.

तुझा राग मला समजतो, तिचा समजत नाही. वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

आई

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, तरी मी लिहिणारच. पालथ्या घड्यावर पाणी घालायची मला सवय आहे, तुम्हा दोघांना मीच वाढवलंय.

मी स्टुडिओत जाऊन आले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मी तिला थांबवायलाच गेले होते. हातात मापाची टेप घेतली आणि म्हटलं, फिटिंग करायचंय. टेप हातात असली की मला कोणी कुठेही अडवत नाही.

तुमचा तो काचांचा मोठा स्टुडिओ तिने सोडलाय. आता टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली घेतली आहे. भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या आहेत, खाली सतरंज्या, आणि खोलीच्या मधोमध एकच माइक. आठजणींना एक माइक! जमिनीवर खडूने फुल्या काढल्या आहेत. जिचा आवाज मोठा तिची फुली लांब, जिचा बारीक तिची जवळ. हेडफोन नाहीत, एकमेकींकडे बघत गायचं. एकीचं चुकलं की आठहीजणींनी पहिल्यापासून. रेकॉर्डिंग करणाऱ्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याला खालच्या दुकानातला पंखासुद्धा ऐकू येतो. त्याच्यापायी वरची चहाची किटलीही बंद, म्हणजे दिवसभर घसे कोरडे. मी गेल्या गेल्या त्याने माझ्या बांगड्या काढायला लावल्या.

त्या सातजणी मला काकू म्हणतात. इतकी वर्षं मी त्यांचे कपडे शिवतेय आणि दरवेळी तेच काळं, न चमकणारं कापड. दिव्याचा उजेड पडला तरी माणूस दिसू नये म्हणून ते कापड मी मुद्दाम शोधून आणायची. त्यांच्यातली सगळ्यात मोठी, तिला सगळ्या थोरली म्हणतात. गुडघे गेलेत, पायऱ्या चढताना कठड्याला धरते. तिने किती गायकांच्या मागे 'आ' म्हटलंय याचा तिलाच हिशोब नाही. चिमणीने तिला शब्द दिलेत, दादा. पूर्ण कडवं, आणि एकटीने म्हणायचं. तिची पाळी आली, तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं, तर 'आ'. सगळ्या हसल्या, तीही हसली. पुन्हा घेतलं, पुन्हा 'आ'. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. बाईच्या तोंडाला शब्दांची सवयच राहिली नव्हती.

चिमणी फुली सोडून तिच्याजवळ गेली. मला वाटलं, आता चिडणार. तुला तिची चीड माहीत आहे. तिने थोरलीचा हात धरला आणि नुसती उभी राहिली. कानसेनने पुन्हा सुरू केलं, आणि थोरलीने म्हटलं: दार माझं, कडी माझी, माझ्या मनानं उघडीन.

बरं म्हटलं. मी एवढंच म्हणते.

चिमणीसुद्धा त्यात तिच्या खालच्या आवाजात गाते. तो आवाज खाली उतरला की कडेला थोडा उसवतो. तुम्ही मंडळी पंधरा वर्षं तेवढी कड रफू करत आलात. या वेळी तिने ती तशीच ठेवली आहे. ऐकायला आधी विचित्र वाटतं.

मग दुसऱ्या एका गाण्यात मध्येच कोणीतरी बोललं आणि चांगलं जमलेलं रेकॉर्डिंग बिघडलं. ते असो.

तिला थांबवायचं राहूनच गेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन.

आई

२० फेब्रुवारी

दादा,

सहीचं काय झालं? केली नसशील तर जरा थांब. का ते विचारू नकोस, माझं मलाच अजून नीट सांगता येत नाही.

आई

११ मार्च

दादा,

आज कंपनीत गाणी ऐकवली. मीही गेले होते. चिमणी म्हणाली, आई, तू बस फक्त, बोलू नकोस. मी बोलले, पण ते पुढे.

तीच काचेची खोली. तुझ्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. का कोण जाणे, सगळे तेवढी एक सोडून बसले. साहेब मध्ये, दोन्ही बाजूंना त्यांची तरुण मंडळी, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. कानसेनने पहिलं गाणं लावलं. ते सुरू होतं श्वासाने. आठजणी एकदम श्वास घेतात आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या तरुणांपैकी एकाने आवाजाची पट्टी वर सरकवली, त्याला वाटलं यंत्र बंद पडलं. तीन गाणी झाली. साहेब अगदी सभ्यपणे, खरंच सभ्यपणे विचारतात काय, तर गाणं कधी सुरू होणार आहे?

चिमणीचा चेहरा मी पाहिला. ती सतरा वर्षांची असताना शाळेच्या पटांगणावरच्या कार्यक्रमात माइक बंद पडला होता, आठवतं? तोच चेहरा. तेव्हा तू धावत जाऊन वायर जोडली होतीस.

या वेळी वायर जोडणारं कोणी नव्हतं. म्हणून मी बोलले. मी म्हटलं, साहेब, सुरू होऊन तीन गाणी झाली, तुम्हीच अजून यायचे आहात. चिमणीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, आता आईमुळे मुलीचा अल्बम गेला. पण साहेब हसले. माणूस वाईट नाही रे, फक्त घाबरट आहे. एवढी मोठी कंपनी चालवून माणूस इतका कसा घाबरतो, देव जाणे.

मग त्यांनी त्यांचं म्हणणं सांगितलं. मे महिन्यात मोठ्या सभागृहात तिचा कार्यक्रम ठरलेला आहे, तिकिटं विकली गेली आहेत. लोकांनी ती 'झगमग'साठी घेतली आहेत. त्या कार्यक्रमात ही नवी गाणी गा. लोक शेवटपर्यंत बसले तर कंपनी हाच अल्बम काढील. उठून गेले तर 'झगमग', आणि ही गाणी कायमची कपाटात. तोवर एक गाणं हवं तर आधी सोडून बघा. चिमणीने क्षणभरही विचार केला नाही. शेंडी तुटो की पारंबी, म्हणाली, चालेल.

उठताना साहेब सहज म्हणाले की दादांची सही तेवढी आली की आमची दुसरी बाजू तयार राहते, आम्ही त्यांना विचारतच असतो. चिमणीने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं की मीही तुला तेच लिहिलं होतं. आता माहीत झालं. घरी आल्यावर तिने चहा केला, दोन कप, आणि माझा माझ्यासमोर आणून ठेवला.

दादा, सही करू नकोस. जानेवारीतलं पत्र मी रागात लिहिलं होतं, हे आहे शुद्धीत. त्या बाईच्या तोंडून शब्द निघाला तेव्हा मी तिथे होते. ते कपाटात बंद करायचं मला सहन होणार नाही.

आई

९ एप्रिल

दादा,

गाणं बाहेर आलं आहे. तू ऐकलं असशीलच, आणि मग तुला कळलंही असेल. तेव्हा कबूल करते.

त्या दिवशी स्टुडिओत मध्येच जे 'कोणीतरी' बोललं, ती मी.

झालं असं की फिटिंगचा बहाणा केला होता, तर फिटिंग करणं भाग होतं. त्यांचं दुसरं गाणं चालू झालं, चिमणी तिच्या फुलीवर उभी, हातवारे नाहीत की नाच नाही. मला वाटलं, ही अशी स्थिर पुन्हा कधी मिळायची नाही. गुपचूप गुडघ्यावर बसले, तोंडात टाचण्या धरल्या आणि घेर टाचायला लागले. सुंदर चाललं होतं. आठही आवाज वर वर चढत होते, अगदी टोकाला पोचले आणि सगळ्या एकदम थांबल्या. गाण्यातच तशी जागा होती, मला काय माहीत? चिमणीने तेवढ्यात एक पाय हलवला, आणि त्या शांततेत मी टाचण्या दातांत धरूनच बोलले, 'हलू नको गं, टोचेल.'

कानसेनने कपाळावर हात मारला. मी धरणीत गडप व्हायला जागा शोधत होते. आणि सातहीजणींनी, कोरसच्या बायकाच त्या, हसू दाबून पुढचा सूर बरोब्बर धरला. चिमणीने त्या संध्याकाळी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, हे राहू दे. मी हात जोडले, पाया पडायची बाकी ठेवली. नाही म्हणजे नाही. म्हणते, या गाण्यात एवढं एकच वाक्य कोणी गाजावं म्हणून म्हटलेलं नाही.

पहिले चार दिवस वाईट गेले. रेडिओवरचा एक शहाणा म्हणाला, वादक संपावर गेले की काय. एका बाईने लिहिलं की ही आता म्हातारी व्हायला लागली. तिच्या जुन्या चाहत्यांनी तर असं असं लिहिलं की मी वाचून दाखवणं बंद केलं. चिमणी जेवायची नाही. थोरली घरी आली आणि म्हणाली, मला काढून टाक, माझ्यामुळे हसतायत. चिमणी तिच्यावर इतकी ओरडली की शेजारच्यांनी दार उघडलं. मला बरं वाटलं. ओरडते म्हणजे जिवंत आहे.

आणि मग पाचव्या की सहाव्या दिवशी मी दोरा आणायला दुकानात गेले. दोन शाळकरी पोरी, एक दुसरीच्या केसांना पिन लावत होती. पिन लावणारी म्हणते, 'हलू नको गं, टोचेल,' आणि दुसरी लगेच त्या आठजणींसारखा पुढचा सूर लावते! दोघी हसायला लागल्या. मी दोरा न घेताच घरी आले. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे तेच. आता तर सगळीकडे तेच चाललंय. लोक हसायला म्हणून गाणं लावतात आणि मग शेवटपर्यंत ऐकतात. चिमणीला तर एकाने लिहिलंय की मी थट्टा करायला लावलं होतं, आता बंद करवत नाही.

पण सभागृह म्हणजे काही दोन पोरी नव्हेत. मे अजून यायचाय. मी आठ पोशाख शिवायला घेतलेत. या वेळी काळा एकही नाही.

आई

१८ मे

दादा,

काल कार्यक्रम झाला. घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घे.

सुरुवातीपासून सांगते. मी स्टेजच्या कडेला पडद्यामागे होते, कॉलरला सुया टोचून, काही उसवलं तर म्हणून. आठ पोशाख, आठ रंग, सगळ्यांचा नमुना एक. चिमणीचाही तोच, वेगळं काही नाही, एक टिकलीसुद्धा नाही. थोरलीला मी लाल दिला. तिने आरशात पाहिलं आणि विचारलं, 'काकू, मी फार दिसते का हो?' मी म्हटलं, 'दिसण्यासाठीच शिवलाय.'

सभागृह तुडुंब. सगळे उभे, आधीच नाचायच्या तयारीत. अंधार झाला तशी 'उडी, उडी' अशी हाकाटी सुरू झाली, तिच्या त्या जुन्या उड्या मारायच्या गाण्यासाठी. या आठजणी अंधारात जाऊन ओळीत उभ्या राहिल्या. पहिलं गाणं सुरू झालं, तोच श्वास, आणि लोकांना ऐकूच गेला नाही. हाका चालूच. साहेब माझ्या शेजारी उभे होते, रुमालाने मान पुसत. मागच्या रांगांतून काही माणसं खरोखर दाराकडे निघाली. मला दिसत होती. साहेबही त्यांनाच बघत होते.

मग दिवेवाल्याने ठरल्याप्रमाणे उजेड टाकला. एक मोठा पांढरा गोल, थेट त्यांच्यावर. आणि दादा, सातच्या सात जणी एक पाऊल मागे गेल्या.

ठरवून नाही. सवयीने. इतकी वर्षं त्यांना हेच शिकवलंय की मुख्य गायिकेवरचा उजेड तुमच्यावर सांडला तर मागे सरायचं. पायांनाच ते पाठ झालंय. उजेडात एकटी चिमणी राहिली, लोक 'उडी, उडी' ओरडतायत. तिथून पुढे तेच तिचं नेहमीचं होतं, एक पाऊल पुढे टाकायचं आणि लोकांना हवं ते द्यायचं. मी मनात म्हटलं, गेलं सगळं.

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. आणि तीही एक पाऊल मागे गेली. सरळ त्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

स्टेजवर नुसता उजेडाचा गोल, आत कोणीच नाही. दिवेवाला गोंधळला, त्याने गोल मागे ओढला, तशा सगळ्या पुन्हा मागे! पुन्हा ओढला, पुन्हा मागे. शेवटी पाठीला पडदा लागला तेव्हा थांबल्या. सभागृहात कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. मग सगळं सभागृह हसलं, पण ते हसणं वाईट नव्हतं रे. त्या सातजणीसुद्धा हसत होत्या, चिमणी हसून कंबरेत वाकली होती. हाका थांबल्या होत्या, कारण हसणाऱ्याला हाक मारता येत नाही. आणि हसणं ओसरता ओसरता, कोणी खूण केली नसताना, थोरलीने सुरू केलं. दार माझं, कडी माझी.

उजेड तिच्यावर होता. ती हलली नाही. लाल पोशाखात, गुडघे गेलेली ती बाई एवढ्या माणसांसमोर एकटी गात होती, आणि तिचा एकेक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. निघालेला एक जाडसर माणूस दारात थबकलेला मी पाहिला. हात दाराच्या मुठीवर, तोंड स्टेजकडे. दुसऱ्या गाण्याला तो पायऱ्यांवर बसला. तिसऱ्याला त्याने शेजारच्याला गप्प केलं.

लोक बसले, दादा. सगळे बसले. चिमणीचा तो उसवलेला खालचा सूर आला तेव्हा इतकी शांतता होती की मला माझ्याच कॉलरमधल्या सुया एकमेकींवर आपटताना ऐकू आल्या. मी रडले. साहेबांनी त्यांचा मघाचा रुमाल पुढे केला, मी घेतला नाही, तो ओला होता.

आणि एक मुद्दाम तुझ्यासाठी. शेवटचं गाणं जोरकस आहे, आठहीजणी तोंडाने आणि पायांनी ताल धरतात. त्याला लोक उठले. साहेबांना वाटलं निघाले. ते नाचायला उठले होते. वाद्य एकही नाही, आणि अख्खं सभागृह पाय आपटत नाचत होतं. तो दारातला जाडा माणूसही.

तू म्हणाला होतास ना, लोक नाचायला येतात? नाचले.

आई

२७ मे

दादा,

अल्बम निघाला. वेष्टनावर आठही नावं आहेत, एकाच मापाच्या अक्षरात. थोरलीने दुकानात जाऊन स्वतःचा स्वतः विकत घेतला. फुकट मिळत होता तो घेतला नाही. दुकानदाराने नाव विचारलं तर बोट ठेवून दाखवलं म्हणे. गाणी किती चालतायत ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणत असशील. मी एवढंच सांगते की परवा इतर गायकांचे तीन निरोप आले, आमच्या कोरसमधल्या बायकांना पुढे उभं करायचंय, कपडे कोण शिवतं?

पण पत्र त्यासाठी नाही.

काल साहेब घरी आले होते. मोठा गुच्छ घेऊन, आणि चेहऱ्यावर असं तेज की अल्बमची कल्पना जणू त्यांचीच. चहा घेता घेता बोलून गेले. म्हणाले, दादांनी तेव्हा सही दिली असती तर आमच्या हातून केवढी चूक झाली असती. मी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी? म्हणाले, आम्ही जानेवारीपासून दर आठवड्याला फोन करायचो. दर वेळी एकच उत्तर. 'ती चुकतेय असं मला वाटतं. पण सही मी करणार नाही. गाणं तिचं आहे.'

जानेवारीपासून. म्हणजे मी तुला सही कर म्हणून लिहीत होते तेव्हाही. माझ्या पत्राला उत्तर का दिलं नाहीस ते आता कळलं. आईला नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणायचं नव्हतं. तुझा मला अभिमान वाटतो, हे मी कधी तोंडावर म्हटलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

चिमणी तिथेच बसली होती. उठून आत गेली, नळ सोडला, आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

बाहेर आली तेव्हा साहेब म्हणत होते, पुढचाही असाच करू या, आठच्या जागी सोळाजणी घेऊ. ती म्हणाली, 'असा तर झाला करून.' साहेबांचा कप हवेतच राहिला. आता तिला नुसता ताल हवाय. वाजवणारे चाळीस लोक, सूर अजिबात नाही, आणि ती गाणार नाही म्हणे, नुसती बोलणार. मी म्हटलं, अगं, आत्ता कुठे लोकांना तुझा आवाज कळला, आणि तू गाणंच सोडतेस? साहेबांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि मग म्हणाले, उत्तम कल्पना आहे.

ते गेल्यावर ती माझ्या मशीनपाशी येऊन बसली. म्हणाली, 'आई, आता सगळे हो म्हणतात. साहेब हो म्हणतात, कानसेन हो म्हणतो, त्या सातजणी मी काही बोलायच्या आतच हो म्हणतात. मला भीती वाटते. दादाला लिही. म्हणावं, ये, ऐक, आणि नाही म्हण.'

मी विचारलं, तो नाही म्हणाला तर ऐकशील का?

'मुळीच नाही,' ती म्हणाली. 'पण तो म्हणाला पाहिजे.'

आई